छपाई झकास, यादी रामभरोसे : छोट्या व्यवसायांसाठीच्या तयार टपालसेवांचं परीक्षण

"तुमच्या ग्राहकांची यादी द्या, बाकीचं आम्ही बघतो." छोट्या व्यावसायिकांची पत्रं छापून टपालाने पाठवून देणाऱ्या बहुतेक सेवा याच वाक्यावर विकल्या जातात. सलून, गॅरेज, चष्म्याचं दुकान, दातांचा दवाखाना, शिंपी, पुस्तकांचं दुकान... जिथे धंदा तोच ग्राहक पुन्हा येण्यावर चालतो, पण पत्र लिहायला, छापायला आणि पाकिटं चिकटवायला माणूस नाही, अशांसाठी हा प्रकार आहे. पॅकेजमध्ये सहसा पाच गोष्टी येतात: यादी अपलोड करण्याची सोय, कार्डांचे तयार नमुने, प्रत्येक कार्डावर वेगळं नाव घालून छपाई, टपालात टाकणं आणि महिनाअखेरीस एक अहवाल.

एकेका कंपनीची तुलना इथे केलेली नाही. आतली यंत्रणा जवळपास सारखी असते आणि दोषही तेच असतात, म्हणून हे परीक्षण सेवेच्या प्रकाराचं आहे. निकाल आधीच सांगून टाकायचा तर, छापून टपालात टाकणारं यंत्र म्हणून ही सेवा जरूर घ्यावी. ग्राहक टिकवण्याची सेवा म्हणून मात्र ती अर्धीच आहे, आणि जो अर्धा भाग राहतो त्यावरच सगळं अवलंबून असतं. तो भाग एका स्प्रेडशीटमध्ये आपला आपल्याला करता येतो.

यादी चढवताना

फाइल चढवली की पडद्यावर हिरवी खूण येते: १,२४० पत्ते स्वीकारले. या खुणेवर फार विसंबू नका. रकाने भरलेले आहेत, पोस्टल कोडमध्ये हवे तेवढे आकडे आहेत, एवढंच ती सांगते. तो माणूस त्या घरात अजून राहतो का, हे तिला ठाऊक नसतं. अमेरिकेत पत्ता बदलल्याच्या ४८ महिन्यांपर्यंतच्या नोंदी टपाल खात्याकडून परवानाधारक सेवांना मिळतात आणि यादी त्यांच्याशी ताडून घेता येते. जिथे अशी सोय नाही तिथे परत आलेलं पत्र हाच पुरावा. घोडं नेमकं इथे पेंड खातं, कारण घाऊक टपालाच्या सर्वांत स्वस्त वर्गात न पोहोचलेलं कार्ड बऱ्याच ठिकाणी परत येतच नाही, तिथल्या तिथे नष्ट होतं. सेवेने आपणहून निवडलेला वर्ग बहुधा हाच असतो. मग पुढच्या महिन्यात त्याच रिकाम्या घरी दुसरं कार्ड जातं. वर्षातून निदान एका खेपेला परत येणारा वर्ग मागून घ्यावा, मग त्याचा दर थोडा जास्त का असेना, आणि परत आलेल्या प्रत्येक कार्डावरून यादीत खूण करावी.

फाइल स्वतः तपासताना चार ठिकाणी हमखास गडबड सापडते. पोस्टल कोडची सुरुवात शून्याने होत असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये उघडताच तो शून्य गळून पडतो, म्हणून तो रकाना आयात करतानाच 'टेक्स्ट' करावा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात, नाहीतर ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची अदलाबदल होते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. नावं देवनागरीत असतील तर फाइल यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारात साठवावी, नपेक्षा नावांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली जातात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली नावं तर आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागतात. तुमच्या संगणकावर ती ठीक दिसतात ती केवळ तो फॉन्ट तिथे आहे म्हणून. सेवेच्या सर्व्हरवर त्यांची रोमन अक्षरांची खिचडी होते.

चौथी गडबड दुहेरी नावांची. सेवा 'डुप्लिकेट काढले' असं सांगते तेव्हा तिने फक्त अक्षरशः सारख्या ओळी काढलेल्या असतात. 'आर. डी. देशमुख' आणि 'रमेश देशमुख' तिच्या लेखी दोन माणसं. फोन क्रमांकाचे शेवटचे आठ आकडे वेगळ्या रकान्यात काढून त्यावर यादी लावली की यातल्या बऱ्याच जोड्या सापडतात. घर क्रमांक आणि पोस्टल कोड जोडून दुसरी फेरी केली की उरलेल्याही दिसतात. पण प्रत्येक जोडीतलं एक नाव काढायचंच असं नाही. गालिचे धुणाऱ्याला किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याला घरामागे एक कार्ड पुरतं. सलून किंवा चष्म्याच्या दुकानाला माणसामागे एक लागतं. हा फरक सेवेला कळत नाही आणि ती विचारतही नाही.

"मला पत्रं पाठवू नका" असं कुणी सांगितलं तर ते नाव यादीतून पुसू नका, त्यापुढे खूण करा. पुसलेलं नाव पुढच्या वेळी बिलांतून नवी यादी काढली की परत येतं, आणि त्या माणसाला पुन्हा पत्र जातं. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटासंरक्षण कायद्याच्या २१व्या कलमानुसार, थेट जाहिरातीला ग्राहकाने हरकत घेतली की त्याचा डेटा त्या कामासाठी वापरताच येत नाही. इतर ठिकाणचे कायदे वेगळे असतील, पण नको म्हटलेल्याला पत्र पाठवून धंदा वाढत नाही हे सगळीकडे सारखंच.

'९० दिवसांत आले नाहीत' हा नियम

या सेवांचं सर्वांत जास्त विकलं जाणारं पॅकेज म्हणजे बरेच दिवस न फिरकलेल्या ग्राहकांना 'तुमची आठवण येते' छापाचं कार्ड. ते कधी पाठवायचं, याला बहुतेक ठिकाणी एकच ठोक नियम असतो: शेवटच्या बिलानंतर ९० दिवस. सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच.

सलूनमध्ये दर ३५ दिवसांनी येणारा ग्राहक ९० दिवस आला नाही म्हणजे त्याच्या दोन फेऱ्या चुकल्या आणि तिसरी चुकायच्या बेतात आहे. तो आता दुसऱ्याच्या खुर्चीत बसतो. उलट चष्म्याचा ग्राहक दोन वर्षांनी येतो. त्याला तिसऱ्या महिन्यात 'बरेच दिवसांत दिसला नाहीत' असं कार्ड गेलं तर तो हसेल. एकाला फार उशीर, दुसऱ्याला फार लवकर.

खरा आकडा तुमच्या बिलांत असतो. निदान तीन वेळा आलेले ग्राहक वेगळे काढा. प्रत्येकाच्या लागोपाठच्या दोन भेटींमधले दिवस मोजा आणि त्या सगळ्या अंतरांचा मध्यांक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. सरासरी नको, कारण तीन वर्षांनी उगवलेला एखादा ग्राहक ती कुठच्या कुठे नेतो. स्प्रेडशीटमध्ये 'मीडियन' हे सूत्र आहेच. एक सावधगिरी: तीनदा आलेले लोक मुळातच नेमाने येणारे असतात, त्यामुळे हा मध्यांक सगळ्या ग्राहकांच्या मानाने थोडा लहान निघतो. म्हणून पत्राची वेळ मध्यांकावरच न ठेवता त्याच्या दीडपटीवर ठेवावी. सलूनसाठी ती ५२ दिवसांच्या आसपास येते. दुसरं पत्र अडीचपटीला, शेवटचं चौपटीला, आणि त्यानंतर त्या नावावर खर्च बंद. हे पट सुरुवातीपुरते धरायचे. सहा-आठ महिन्यांचे आकडे हातात आले की बदलायचे. जो ग्राहक पाच-सहा वेळा येऊन गेला आहे, त्याचं स्वतःचं अंतरच वापरावं. दर वर्षी सणाआधी एकदाच येणारा आणि दर पंधरवड्याला येणारा, दोघांना एकाच काट्यावर तोलता येत नाही.

शेवटची भेट, एकूण भेटी आणि एकूण खरेदी या तीन आकड्यांवर ग्राहक वाटण्याची पद्धत कॅटलॉगवरून टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांनी रुळवली. त्या प्रकारच्या विक्रीला तसा मोठा इतिहास आहे: शिकागोच्या ॲरन मॉन्टगोमेरी वॉर्डने १८७२ साली काढलेला पहिला 'कॅटलॉग' म्हणजे मालाच्या किमतींचा एकच कागद होता. आजच्या सेवांच्या डॅशबोर्डवर ही पद्धत ५ × ५ × ५ अशा १२५ चौकटींच्या रंगीत तक्त्यात दिसते. दिसायला देखणा, पण ६०० ग्राहकांच्या दुकानात त्यातल्या एकेका चौकटीत सरासरी पाचही माणसं येत नाहीत. छोट्या धंद्याला चार कप्पे पुरतात: नुकताच पहिल्यांदा आलेला, नेमाने येणारा, दीडपट ओलांडलेला आणि चौपट ओलांडलेला. 'मॅक्सइफ्स' ने प्रत्येकाची शेवटची तारीख निघते, 'काउंटइफ्स' ने भेटी निघतात, आणि अर्ध्या तासात वाटणी होते.

या चारांत पहिल्या कप्प्याकडे सेवांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. एकदाच येऊन गेलेला ग्राहक दुसऱ्यांदा येतो की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि तो नेमाने येणाऱ्यांपेक्षा कितीतरी सहज हातचा जातो. त्याला आठवड्याच्या आत पत्र गेलं पाहिजे. त्यात सवलत नसली तरी चालेल. काय घेतलं, ते कसं वापरायचं किंवा सांभाळायचं, काही अडलं तर कुणाला विचारायचं आणि पुढची भेट साधारण कधी, इतकं पुरे. सेवांच्या नमुन्यांत 'स्वागत' नावाचं कार्ड असतं खरं, पण त्यावर फुलं असतात आणि 'धन्यवाद' असतं. कामाची ओळ एकही नसते.

तुम्ही अंतर काढलंत, कप्पे केलेत, तरी आणखी एक अडथळा उरतो: गठ्ठा. बहुतेक पॅकेजांत छपाई महिन्यातून एकदाच होते. समजा यादी २५ तारखेला बंद होते, १ तारखेला छपाईला जाते आणि ८ तारखेच्या सुमारास घरी पोहोचते. ज्याची दीडपट २६ तारखेला उलटली, त्याचं नाव पुढच्या महिन्याच्या २५ला उचललं जाणार आणि कार्ड त्याच्या पुढच्या ८ला मिळणार. म्हणजे जवळपास ४० दिवस वाया. ५२ अधिक ४० म्हणजे ९२. इतकं करून फिरून ९० दिवसांवरच.

म्हणून सेवा निवडताना पहिला प्रश्न नमुन्यांचा किंवा दराचा नसावा, 'दर आठवड्याला छापता का, आणि कमीत कमी किती प्रती?' हा असावा. ऑफसेट छपाईला प्लेट बनवावी लागते, त्यामुळे तिथे थोड्या प्रती परवडत नाहीत. पण नाव घातलेली कार्डं डिजिटल छपाईवरच निघतात आणि तिथे प्लेटच नसते. तेव्हा 'किमान ५००' ची अट यंत्राची नसते, विक्री विभागाची असते. काही सेवा एकेक कार्डसुद्धा छापतात. प्रतीमागे दर जास्त पडतो, पण मोठ्या गठ्ठ्यावरच्या सवलतीच्या मोहाने सगळ्या यादीला पाठवण्यापेक्षा एकूण खर्च कमीच येतो.

कार्डावर काय

थेट टपालाच्या धंद्यात एड मेयर या अमेरिकन विपणनतज्ज्ञाच्या नावाने चालत आलेला एक ठोकताळा आहे: यशाचे ४० टक्के यादीचे, ४० टक्के देऊ केलेल्या गोष्टीचे आणि २० टक्के मजकूर, चित्र, कागद या सगळ्याचे मिळून. टक्के शब्दशः घ्यायचे नाहीत, पण क्रम बरोबर आहे. सेवांची माहितीपत्रकं मात्र शेवटच्या २० टक्क्यांवरच बोलतात.

नमुन्यांत पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे सवलत. जवळपास प्रत्येक कार्डावर मोठा टक्का आधीच छापलेला असतो आणि नेमाने येणाऱ्यांनाही तोच जातो. जो उद्या येणारच होता त्याला सवलत दिली की ती रक्कम सरळ तुमच्या खिशातून जाते, शिवाय पुढच्या वेळी तो कार्डाची वाट पाहतो. नेमाने येणाऱ्याला पैशाऐवजी मान द्यावा: नवा माल आधी पाहायला बोलवावं, गर्दीच्या दिवशी वेळ राखून ठेवावी. सवलत द्यायचीच असेल तर दीडपट ओलांडलेल्यांना, आणि तीही दुसऱ्या पत्रात. पहिल्या पत्रात नुसती आठवण करून बघावी. बरेच जण रागावून गेलेले नसतात, विसरलेले असतात.

चौपटीच्या शेवटच्या पत्रात तर विकूच नये. 'आमच्याकडून काही चुकलं का?' असा प्रश्न, खाली तीन-चार पर्यायांच्या चौकटी, आणि टपालखर्च आधीच भरलेलं उत्तराचं कार्ड. उत्तरं थोडी येतात, पण पाच जणांनी 'फार थांबावं लागतं' यावर खूण केली तर ते कळणं शंभर कूपनांपेक्षा मोलाचं. पत्राने माणूस फार तर दारापर्यंत येतो. आत तेच पाऊण तासाचं थांबणं असेल तर तो दुसऱ्यांदा जातो, आणि मग कायमचाच. असं प्रश्नाचं कार्ड पॅकेजमध्ये सहसा आयतं मिळत नाही, कोऱ्या नमुन्यावर स्वतः बनवावं लागतं.

मजकुरात एकच मागणी असावी. 'फोन करा, साइट पाहा, दुकानात या, ॲप घ्या' असं सगळं एका कार्डावर घातलं की वाचणारा काहीच करत नाही. शेवटी काय घेतलं होतं त्याचा उल्लेख केला तर पत्र आपल्यासाठी आहे हे पटतं. पण दवाखाना, वकिली, कर्ज अशा बाबतीत हा उल्लेख उघड्या पोस्टकार्डावर कधीही नको. 'तुमच्या रूट कॅनलला एक वर्ष झालं' हे टपाल्याने आणि शेजाऱ्याने वाचायचं नसतं. तिथे पाकीटच. आणि खाली सही कुणा माणसाची असावी. 'आपला विश्वासू परिवार' अशी सही नको.

मुदत तारखेनिशी छापावी. 'लवकर या' ही मुदत नव्हे. टपालाला उशीर झाला आणि कार्ड हातात पडेपर्यंत मुदत संपली असेल, तर ते न पाठवलेलंच बरं. सेवा मुदत छपाईच्या तारखेपासून मोजते, तुम्ही ती कार्ड उशिरात उशिरा पोहोचेल त्या दिवसापासून मोजा आणि पुढे तीन-चार आठवडे द्या.

छपाई

या बाबतीत या सेवांना पैकीच्या पैकी नाही, पण नव्वद टक्के गुण द्यायला हरकत नाही. रंग खेपेगणिक सारखे येतात, कापणी सरळ असते, नावाचा फॉन्ट मजकुरात मिसळून जातो. काही गोष्टी मात्र आपणच बघायच्या.

ए६ म्हणजे १०५ × १४८ मिमीचं कार्ड स्वस्त पडतं, पण बिलं आणि पत्रकांच्या गठ्ठ्यात हरवतं. ए५ उठून दिसतं. कागद २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम वजन) खाली नको, टपालाच्या वर्गीकरण यंत्रात पातळ कार्डांचे कोपरे दुमडतात. दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन घेऊ नये. पत्त्याच्या बाजूला शाई धरत नाही, शिक्का पुसला जातो आणि दुकानात कुणाला कूपनवर पेनाने काही लिहायचं झालं तर लिहिता येत नाही. एकाच बाजूला लेप घ्यावा. घडीचं कार्ड असेल तर घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेनेच पडते का ते विचारा. आडवी पडली की घडीवर रंग तडकतो. स्वतःचं डिझाइन देत असाल तर चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीरेषेबाहेर वाढवलेला रंग), चित्रं छपाईच्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), आणि बारीक काळा मजकूर चार रंगांचं मिश्रण न करता निव्वळ काळ्या शाईत. चार रंगांची एकमेकांवरची जुळणी केसभर जरी सरकली तरी लहान अक्षरांना सावली येते.

क्यूआर कोडच्या बाबतीत नमुन्यांमध्ये दोन चुका सतत दिसतात. एक, कोड चित्राच्या अंगावर चिकटवलेला असतो. चारी बाजूंना निदान चार घरं (कोडमधले बारीक चौकोन) रुंदीचा कोरा पट्टा सोडलाच पाहिजे, नाहीतर कॅमेरा चाचपडतो. दोन, लांबलचक वेब-पत्ता कोंबल्यामुळे घरं इतकी बारीक होतात की २ सेंटिमीटरच्या कोडमध्ये ती एकमेकांत मिसळतात. पत्ता छोटा ठेवावा आणि चूकदुरुस्तीची पातळी 'एम' घ्यावी. त्यात सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. मधोमध लोगो बसवण्याच्या हौसेपायी 'एच' ही सर्वांत वरची पातळी निवडली तर घरं आणखी बारीक होतात.

मराठीत छापणाऱ्यांची एक खास अडचण. कायमच्या मजकुराची अक्षरं आकृतीत बदलून फाइल दिली की तो बिघडत नाही. पण नावं प्रत्येक कार्डावर बदलतात, त्यांची आकृती आधी करता येत नाही, ती छपाईच्या सॉफ्टवेअरलाच जुळवावी लागतात. त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नसतील तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलत्या डोक्यावर बसतो, पाय मोडके राहतात. तुमचा मजकूर सुबक आणि ग्राहकाचं नाव मोडलेलं, म्हणजे सगळ्या पत्राचाच विचका. पहिल्या नमुन्यासाठी मुद्दाम अवघड नावं द्यावीत: ज्ञानेश्वर, श्रद्धा, कृष्णा, ऊर्मिला, ऋत्विक, शार्ङ्गधर. 'अमर' आणि 'सीमा' छापून दाखवणाऱ्या सेवेने काहीच सिद्ध केलेलं नसतं.

पेन धरणाऱ्या यंत्राने 'हाताने' लिहून देण्याचा पर्यायही आता काही सेवा देतात. पाकिटावरच्या पत्त्यापुरता तो चांगला आहे, पाकीट उघडलं जाण्याची शक्यता वाढते. आतलं सबंध पत्र मात्र त्यात नको. दोन 'अ' हुबेहूब सारखे दिसले की वाचणाऱ्याला यंत्र ओळखू येतं.

अहवाल

महिनाअखेरीचा अहवाल असा असतो: पाठवली ९००, कोड वापरले ७०, प्रतिसाद ७.८ टक्के, सोबत वर जाणारा बाण. आकडे खोटे नसतात. पण त्यांतून तुम्हाला हवं ते उत्तर मिळत नाही. सत्तरांतले काही जण कार्ड नसतं तरी आलेच असते. उलट काही जण कार्ड वाचून आले, पण कूपन घरीच विसरले, ते कुठेच मोजले गेले नाहीत. कार्डाने किती माणसं *जास्तीची* आणली, हे कळायचा एकच मार्ग आहे: काहींना मुद्दाम पाठवू नये.

उदाहरण घेऊ. दीडपट ओलांडलेले १,२०० ग्राहक आहेत. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकापुढे 'रँड' सूत्राने आकडा टाका, ते आकडे लगेच 'व्हॅल्यू' म्हणून चिकटवा (नाहीतर प्रत्येक बदलाला ते पुन्हा बदलतात), त्यावर यादी लावा आणि पहिले ३०० बाजूला ठेवा. यादीच्या तळाचे ३०० उचलू नका, तळाशी नवे ग्राहक असतात आणि ते वेगळे वागतात. उरलेल्या ९०० ना कार्डं पाठवा. ६० दिवसांनी बिलांची यादी दोन्ही गटांशी ताडा, कूपन वापरलं की नाही ते पाहूच नका. समजा ९०० पैकी १०८ आले, म्हणजे १२ टक्के. न पाठवलेल्या ३०० पैकी २४ आले, म्हणजे ८ टक्के. कार्डाची खरी कमाई ४ टक्के, म्हणजे ३६ माणसं. अहवालातल्या ७० च्या जवळपास निम्मी.

या ४ टक्क्यांतही योगायोगाचा वाटा असतो. वरच्या आकड्यांत त्रुटीची मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे ३.७ टक्के आहे, म्हणजे खरा परिणाम नाममात्र असू शकतो आणि साडेसातच्या वरही असू शकतो. ३०० ऐवजी १०० च मागे ठेवले असते तर ही मर्यादा ५.७ वर गेली असती आणि हाती काहीच लागलं नसतं. म्हणून मागे ठेवलेला गट 'दहा टक्के पुरे' अशा हिशोबाने ठरवू नये. यादी लहान असेल तर दर खेपेला चौथा हिस्सा मागे ठेवावा आणि वर्षभराच्या खेपांची बेरीज करूनच निकाल काढावा. १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर या व्यवस्थापन-अभ्यासकांनी ग्राहकांची गळती ५ टक्क्यांनी कमी केली तर नफा २५ ते ८५ टक्क्यांनी वाढतो असं मांडलं होतं. सेवांच्या पत्रकांत तो आकडा कार्डांच्या चित्राशेजारी हमखास असतो. तो मोजक्या सेवाक्षेत्रांतल्या उदाहरणांवरून काढलेला आहे आणि पोस्टकार्डांशी त्याचा संबंध नाही. तुमच्या दुकानाचा आकडा तुमच्या मागे ठेवलेल्या गटातूनच येणार.

मग परवडतं का? कार्डाचा छपाई, टपाल आणि सेवाशुल्क मिळून खर्च १ धरा आणि एका भेटीतून उरणारा निव्वळ वाटा १५. तर १ भागिले १५, म्हणजे ६.७ टक्के जास्तीची माणसं आली की पहिल्याच भेटीत खर्च निघतो. आता त्याच कार्डावर ५ ची सवलत द्या. जास्तीच्या माणसामागे उरले १०. शिवाय जे ८ टक्के एरवीही येणार होते तेही ५ घेऊन जाणार, म्हणजे कार्डामागे आणखी ०.४ खर्च. आता १.४ भागिले १०, म्हणजे १४ टक्के जास्तीची माणसं हवीत. एका सवलतीने मजल दुपटीहून लांबते.

४ टक्के तर दोन्हींपेक्षा कमी. पण परतलेला ग्राहक पुढच्या वर्षभरात चार वेळा आला तर त्याच्यामागे ६० उरतात आणि विनासवलत कार्डाला १.७ टक्केच पुरतात. तेव्हा निर्णय पहिल्या भेटीवर होत नाही, परतलेला माणूस टिकतो का यावर होतो. परतलेल्यांच्या नावापुढे खूण करून वर्षभर त्यांच्या भेटी मोजा. सेवांचे अहवाल सहसा इतके लांब जात नाहीत, आणि मागे गट ठेवण्याचं बटण तर बहुतेकांकडे नसतंच. यादी चढवण्याआधीच ती नावं काढून घ्यावीत, सेवेला सांगायचीही गरज नाही.

घ्यायची असेल तर

महिन्याला २०-३० च पत्रं जाणार असतील तर सेवेच्या भानगडीत पडू नये, घरचा प्रिंटर आणि पाकिटं पुरतात. चारशे-पाचशेच्या वर ग्राहक असतील, त्यांचे पत्ते असतील आणि आठवड्याला छापणारी सेवा मिळाली, तर ती घ्यावी. वर्षाचा करार नको, खेपेगणिक पैसे देण्याचा पर्याय मागावा. करारात दोन ओळी शोधाव्यात: यादीची मालकी तुमचीच राहील, आणि काम संपल्यावर ठरावीक दिवसांत ती खोडली जाईल. 'सेवासुधारणेसाठी वापर' अशी मोघम ओळ असेल तर ती काढून टाकायला सांगावं. बनवलेल्या डिझाइनच्या मूळ फाइल मिळतील का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

आणि पहिली खेप ग्राहकांना न पाठवता खुणेच्या पत्त्यांवर पाठवावी. वेगवेगळ्या भागांतले दहा ओळखीचे पत्ते, वर दिलेली अवघड नावं, एक मुद्दाम चुकीचा पत्ता. कोणतं कार्ड कोणत्या दिवशी, कशा अवस्थेत पडलं याची नोंद ठेवा. चुकीच्या पत्त्याचं कार्ड परत येतं का ते पाहा. नंतरही हे पत्ते प्रत्येक खेपेच्या यादीत राहू द्या. मग 'पाठवली' म्हणजे खरंच पाठवली का ते कळतं, आणि यादी दुसऱ्या कुणाला वापरायला दिली तर त्यांचं पत्रही याच घरी येऊन पडतं.